कोल्हापूर परिसरातली जैन शिल्पं, बस्त्या आणि शिलालेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी या पट्ट्यातून येणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. बस्तीतल्या (जैन मंदिरातल्या) मूर्तीचा फोटो येतो आणि खाली एक ओळ: ‘ही कुणाची? किती जुनी?’ अशाच प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ असेल तिथे क्रमांक दिला आहे. एक विनंती आधीच करतो: फोटो पाठवताना चेहऱ्याइतकाच बैठकीचाही पाठवा, समोरून आणि मागूनही. मूर्तीची बहुतेक माहिती तिथेच असते.

१. मूर्ती मांडी घालून ध्यानाला बसलेली आहे. ती बुद्धाची की तीर्थंकरांची, हे कसं ओळखायचं?

आधी वस्त्राची कड शोधा. बुद्धमूर्तीत खांद्यावर, मनगटाशी किंवा घोट्याशी चीवराची (भिक्षूच्या वस्त्राची) रेघ बहुधा सापडते. दिगंबर तीर्थंकरमूर्तीवर ती कुठेच नसते. मग हात बघा. बसलेल्या तीर्थंकरांचे हात कायम मांडीवर, एकावर एक. बुद्धाचा हात जमिनीला टेकलेला, अभय देणारा किंवा धर्मचक्र फिरवणारा असू शकतो. उभ्या मूर्तीत तर शंकाच उरत नाही: दोन्ही हात सरळ खाली, अंगापासून किंचित सुटे, ही कायोत्सर्ग मुद्रा तीर्थंकरांची आणि बाहुबलींची. डोक्यावर एकावर एक तीन छत्रं असतील तर तीही जैन मूर्तीची चांगली खूण.

कुरळे केस आणि लांब कान दोघांनाही असतात, त्यावरून काही ठरवू नका. छातीवरचं श्रीवत्स उत्तर भारतात भरवशाचं चिन्ह आहे, पण आपल्याकडच्या आणि कर्नाटकातल्या मूर्तींवर ते अनेकदा नसतं. श्रीवत्स नाही म्हणून मूर्ती जैन नाही, असं म्हणता येत नाही.

२. चोवीस तीर्थंकर सारखेच दिसतात. मग मूर्ती नेमकी कुणाची हे कसं कळतं?

बैठकीच्या मध्यभागी कोरलेल्या लांछनावरून, म्हणजे ओळखीच्या चिन्हावरून. बैल असेल तर ऋषभदेव (आपण आदिनाथ म्हणतो ते), चंद्रकोर असेल तर चंद्रप्रभ, हरीण असेल तर शांतिनाथ, कासव मुनिसुव्रत, शंख नेमिनाथ, साप पार्श्वनाथ, सिंह महावीर. इथे एक सावधगिरी हवी. बैठकीच्या दोन टोकांना दोन सिंह असतील तर ते सिंहासनाचे सिंह, कुठल्याही तीर्थंकरांच्या आसनाला असतात. त्यांच्यावरून मूर्ती महावीरांची ठरवणं ही सर्वांत जास्त आढळणारी गफलत. लांछन मध्यभागी शोधायचं.

दोघांना लांछनाची गरज पडत नाही. ऋषभदेवांच्या खांद्यांवर केसांच्या बटा रुळतात. पार्श्वनाथांच्या डोक्यावर नागफणा असतो, बहुधा सात फण्यांचा. पण सुपार्श्वनाथांनाही फणा असतो, तो बहुतेक वेळा पाच फण्यांचा. म्हणून फणे मोजल्याशिवाय नाव सांगू नका. पार्श्वनाथांच्या काही मूर्तींत सापाची वेटोळी पाठीमागून थेट पायापर्यंत उतरलेली दिसतात.

लांछनं सुरुवातीपासून नव्हती. मथुरेच्या कुषाणकाळातल्या मूर्तींवर ती नाहीत, तिथे बटा, फणा आणि लेखातलं नाव एवढाच आधार. राजगीरच्या वैभार टेकडीवरची गुप्तकाळातली नेमिनाथांची मूर्ती, जिच्या बैठकीवर शंख आहे, ती लांछनाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत गणली जाते. काही लांछनं पंथानुसार बदलतात: अरनाथांना दिगंबर परंपरेत मासा, श्वेतांबर परंपरेत नंद्यावर्त (स्वस्तिकासारखी आकृती). लांछन आणि लेख यांचा मेळ बसत नसेल तर प्रश्न १७ पाहा.

३. कुंभोजच्या डोंगरावरचे बाहुबली हे कितवे तीर्थंकर?

बाहुबली तीर्थंकर नाहीत. ते ऋषभदेवांचे पुत्र आणि भरत चक्रवर्तींचे भाऊ. भरतांशी झालेलं द्वंद्व जिंकूनही त्यांनी राज्य सोडलं आणि उभ्यानंच इतका काळ ध्यान केलं की अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं वाढली. मूर्तीच्या मांड्या-दंडांवरची वेल आणि पायाशी असलेले साप ही त्यांची ओळख, म्हणून त्यांना वेगळं लांछन लागत नाही. वेरूळच्या लेण्यांत त्यांच्या दोन बहिणी, ब्राह्मी आणि सुंदरी, वेली बाजूला करताना दिसतात.

कुंभोजची २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ ची. श्रवणबेळगोळची सुमारे ५७ फुटी अखंड मूर्ती गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेतली. कारकळची १४३२ ची, वेणूरची १६०४ ची. बदामी आणि ऐहोळेच्या लेण्यांतले बाहुबली या सगळ्यांहून जुने आहेत. तिथे जाल तेव्हा खांद्यावर रुळणारे केस नक्की बघा. पुढच्या शतकांत ते गेले आणि कुरळ्या केसांचं डोकं रूढ झालं.

४. दिगंबर आणि श्वेतांबर मूर्तीत फरक काय?

श्वेतांबर मूर्तीला बाहेरून बसवलेले डोळे असतात, अंगी-मुकुट चढवतात, आणि बैठ्या मूर्तीच्या पायांखाली वस्त्राचं टोक किंवा कमरेला दोरीची रेघ कोरलेली असते. दिगंबर मूर्ती निर्वस्त्र, दृष्टी नाकाच्या शेंड्याकडे झुकलेली, अंगावर काही नाही. हा भेद शिल्पात आरंभी नव्हता. मथुरेच्या जुन्या मूर्ती निर्वस्त्रच आहेत. बडोद्याजवळच्या अकोटा इथे १९५१ साली ब्राँझचा मोठा साठा मिळाला, त्यातली धोतर नेसलेली ऋषभदेवांची मूर्ती या बदलाच्या पहिल्या पुराव्यांपैकी एक. ती पाचव्या-सहाव्या शतकातली.

५. जैन देवळांची अशी वेगळी शैली असते का?

शैली प्रदेशाची असते, धर्माची नाही. अबूच्या विमल वसहीचा (१०३१) आणि लूण वसहीचा (१२३०) संगमरवर घडवणारे हात गुजरात-राजस्थानातल्या शैव-वैष्णव देवळांचेही होते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्ट राजांच्या मंत्र्याने १२०४ च्या सुमारास बांधली. तिचे कातीव खांब, मंडप आणि छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ पाहिलं तर ती उत्तर चालुक्य (म्हणजे नंतरच्या, कल्याणीच्या चालुक्यांच्या) परंपरेतली आहे हे लगेच लक्षात येतं. कोल्हापूरहून दोन-अडीच तासांवर आहे, जाऊन याच.

वेगळं असतं ते उपासनेच्या गरजेतून आलेलं: चारही दिशांना तोंड केलेली चौमुख प्रतिमा, चोवीस तीर्थंकरांसाठी आवाराभोवतीच्या देवकुलिका (छोटी देवळं), गाभाऱ्याच्या वर आणखी एक गाभारा, आणि दक्षिणेत बस्तीसमोरचा मानस्तंभ. त्याच्या माथ्यावरच्या छत्रीत चारी बाजूंना जिनप्रतिमा (तीर्थंकरांच्या मूर्ती) असतात. दीपमाळेसारखे दिवे ठेवायचे हात त्याला नसतात. कर्नाटकात याखेरीज ब्रह्मदेवस्तंभही दिसतो, त्याच्या माथ्यावर यक्ष बसलेला असतो. लांबून दोन्ही सारखेच वाटतात.

६. कोल्हापूर भागात इतक्या बस्त्या आणि जैन शिलालेख का आहेत?

शिलाहार राजांमुळे, आणि त्यांच्या काळात कोल्हापूर हे विद्येचं ठाणं होतं म्हणून. बाराव्या शतकात गंडरादित्य, विजयादित्य आणि दुसरा भोज या तीन राजांच्या कारकिर्दीत इथे जैन आचार्यांची मोठी परंपरा नांदली. तिच्या केंद्रस्थानी होते माघनंदी सैद्धांतिक, रूपनारायण बस्तीचे आचार्य. ही बस्ती गंडरादित्याचे महासामंत निंबदेव यांनी बांधली. नाव ऐकून कुणालाही विष्णूचं देऊळ वाटेल, पण रूपनारायण हे गंडरादित्याचं बिरुद होतं. सामंताने राजाचं बिरुद जिनालयाला दिलं.

माघनंदींचे शिष्य ठिकठिकाणी पसरले. तेरदाळच्या ११२३ च्या लेखात त्यांचा उल्लेख येतो, श्रवणबेळगोळच्या लेखांत कोल्हापूरची ही बस्ती येते. लेखांमध्ये या शहराला क्षुल्लकपूर असंही म्हटलं आहे. आणि विद्या राजधानीपुरती नव्हती: १२०५ मध्ये, भोजाच्या काळात, सोमदेव नावाच्या आचार्यांनी आजऱ्यात, गंडरादित्याने बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून व्याकरणावरची ‘शब्दार्णवचंद्रिका’ लिहून पूर्ण केली. आजऱ्याला घनसाळ तांदळासाठी जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

पुढच्या काळात भट्टारकांच्या (दिगंबर मठाधिपतींच्या) गाद्यांनी हा धागा टिकवला. कोल्हापूरचा लक्ष्मीसेन मठ आणि नांदणीचा जिनसेन मठ आजही आहेत. लक्ष्मीसेन, जिनसेन ही गादीची नावं आहेत, एका व्यक्तीची नाहीत. जुन्या लेखात ‘लक्ष्मीसेन भट्टारक’ वाचलंत तर कोणते, हे तारखेवरून ठरवावं लागतं.

७. शुक्रवार दरवाजाजवळच्या बस्तीतल्या शिलालेखात काय लिहिलं आहे?

शक १०६५ च्या लेखाबद्दल सांगतो, कारण जैन दानलेख कसा वाचायचा हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. मराठी मुलखात कन्नड लिपी कशी, असं विचारणारे भेटतात. त्या काळी इथला राजव्यवहार कन्नड-संस्कृतातच चालायचा.

दक्षिणेतल्या बहुतेक जैन लेखांच्या आरंभी एक श्लोक येतो: ‘श्रीमत्परमगंभीरस्याद्वादामोघलांछनम् । जीयात् त्रैलोक्यनाथस्य शासनं जिनशासनम् ॥’ हा पाठ करून ठेवा. झिजलेल्या शिळेवर ‘श्रीमत्परम’ एवढी अक्षरं लागली तरी लेख जैन आहे हे कळतं. त्यानंतर राजवंश, मग तिथी, मग दान.

या लेखातलं दान विजयादित्याचं आहे. सामंत कामदेवाच्या पदरी असलेल्या वासुदेव नावाच्या माघनंदींच्या शिष्याने हाविन हेरिलगे इथे पार्श्वनाथांची बस्ती बांधली. अभ्यासकांच्या मते हे गाव म्हणजे आजचं हातकणंगले तालुक्यातलं हेर्ले. त्या बस्तीसाठी राजाने शेत आणि घराची जागा दिली. दान माणिक्यनंदी पंडितांच्या हाती सोपवलं. तिथी माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण. आजच्या गणनेनं १ फेब्रुवारी ११४३.

दान कशासाठी, ते तीन शब्दांत आहे: देवाची अष्टविध पूजा, तिथल्या मुनींचा आहार, आणि ‘खंडस्फुटितजीर्णोद्धार’, म्हणजे जे तुटेल-फुटेल त्याची दुरुस्ती. देऊळ उभं राहतानाच त्याच्या डागडुजीची तरतूद दगडावर लिहिली गेली होती. प्रश्न १५ ला उत्तर देताना हा शब्द माझ्या डोळ्यासमोर असतो.

८. शिळेच्या माथ्यावर गाय-वासरू, तलवार, सूर्य-चंद्र आणि मध्ये बसलेली मूर्ती आहे. हे काय?

दानशिळा. सूर्य-चंद्र म्हणजे ‘आचंद्रार्क’, ते आहेत तोवर दान चालावं. मधली मूर्ती ज्या देवळाला दान दिलं त्याची: तिथे जिन असेल तर दान बस्तीला, शिवलिंग असेल तर शैव देवळाला. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसला तरी रिकामा समजू नका. संध्याकाळी एका बाजूनं विजेरीचा तिरका उजेड टाका, अक्षरं वर येतात.

९. अंबाबाईचं देऊळ मुळात जैन होतं का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, कधी मोठ्या आवेशात. पुरावा काय म्हणतो ते क्रमानं सांगतो.

कोल्हापूरचे शिलाहार आपल्या बिरुदांत स्वतःला ‘महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवतात, महालक्ष्मीचा वर मिळालेले. त्याआधी राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कारकिर्दीतल्या संजानच्या ताम्रपटात (शक ७९३) त्याने महालक्ष्मीला आपलं बोट अर्पण केल्याचं म्हटलं आहे, आणि ती महालक्ष्मी कोल्हापूरची असं बहुतेक अभ्यासक मानतात. हाच अमोघवर्ष आदिपुराणकर्त्या जिनसेनाचार्यांचा भक्त. शिलाहार गंडरादित्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशा तिन्ही मूर्ती बसवल्या. ही माहिती शक १०३२ च्या ताम्रपटात आहे.

देवळाच्या आवारात शेषशायीच्या मंडपात तीर्थंकरांच्या लहान आकृती कोरलेल्या आहेत, हे खरं. त्यावरून त्या मंडपाचा किंवा त्यातल्या दगडांचा जैनांशी संबंध सिद्ध होतो. सगळं देऊळ जैन होतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. जुने दगड पुन्हा वापरणं दख्खनमध्ये नेहमीचं होतं, आणि एकाच राजाने, एकाच घराण्याने दोन्हीकडे दान देणंही. महालक्ष्मीचा वर मिरवणाऱ्या राजाच्याच काळात रूपनारायण बस्ती उभी राहिली. त्या माणसांना यात विसंगती वाटली नाही. आपण ती त्यांच्यावर लादू नये.

१०. आणि खिद्रापूर?

कोपेश्वर शिवाचंच देऊळ आहे. गावात आदिनाथांचं जुनं जैन मंदिरही आहे. बहुतेक लोक स्वर्गमंडप पाहून परततात आणि ते राहून जातं. दोन्ही एकाच फेरीत पाहा, खांबांची घडण शेजारी शेजारी ताडून बघता येते.

११. जैन धर्मात देव वर देत नाहीत म्हणतात. मग बस्तीत पद्मावती आणि क्षेत्रपाल कसे?

तीर्थंकर मुक्त झालेले, ते कुणाचं मागणं ऐकायला येत नाहीत. जिनशासनाचं, म्हणजे जैन धर्माचं, रक्षण करणारे यक्ष आणि यक्षी मात्र संसारातलेच देव, म्हणून भक्त त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेतात. प्रत्येक तीर्थंकरांची एक जोडी असते: पार्श्वनाथांचे धरणेंद्र-पद्मावती, नेमिनाथांची अंबिका (तिलाच कूष्मांडिनी म्हणतात), ऋषभदेवांची चक्रेश्वरी, चंद्रप्रभांची ज्वालामालिनी.

शिल्पात ओळखायला अंबिका सोपी: सिंह, आंब्याची डहाळी आणि जवळ मूल. पद्मावतीच्या डोक्यावर नागफणा. या देवींच्या मुकुटावर किंवा माथ्यावर छोटा बसलेला जिन आहे का, ते आवर्जून बघा. शेताच्या बांधावर किंवा पाराखाली एकटी पडलेली देवी जैन आहे की नाही, हे अनेकदा त्या बोटभर आकृतीवरूनच ठरतं. शेंदराच्या थराखाली ती झाकली गेली असेल तर खरवडू नका, नुसतं बोटानं चाचपून बघा.

१२. वीरगळ आणि निषिधी यांत फरक काय?

वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई सोडवण्याचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. निषिधी ही सल्लेखना (अन्नपाणी हळूहळू सोडण्याचं व्रत) घेऊन देह ठेवलेल्या मुनीची, आर्यिकेची (साध्वीची) किंवा श्रावकाची स्मृतिशिळा. तिच्यावर शस्त्र नसतं. वरच्या चौकटीत जिन आणि खाली ठवणीवर ग्रंथ ठेवून समोरासमोर बसलेले गुरू-शिष्य, जवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. इतिहासकार षडाक्षरी शेट्टर यांनी श्रवणबेळगोळच्या अशा स्मारकांचा केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो.

अपवादही आहे. जैन सैनिक लढाईत पडले आणि त्यांचे वीरगळ उभे राहिले. तिथे लढाई खाली असते आणि सर्वांत वर शिवलिंगाऐवजी जिन. म्हणून आधी वरची चौकट वाचा, मग खालची.

१३. आमच्या मूर्तीवर ‘संवत १५४८’ आहे. म्हणजे आमची बस्ती पाचशे वर्षांची?

मूर्ती तितकी जुनी, बस्ती तितकी असेलच असं नाही. संवत १५४८, वैशाख सुदी ३, मूलसंघ, भट्टारक जिनचंद्र, साह जीवराज पापडीवाल: हा मजकूर असलेल्या मूर्ती देशभर सापडतात. जीवराज पापडीवाल यांनी मुडासा इथे इ.स. १४९१ च्या सुमारास प्रचंड संख्येनं मूर्तींची प्रतिष्ठा करवून त्या गावोगावी पाठवल्या. बहुतेक पांढऱ्या संगमरवराच्या, लहान आकाराच्या. तुमच्या मूर्तीला त्या थोर दात्याचा इतिहास आहे. बस्तीचं वय मात्र तिच्या भिंतींवरून आणि लेखांवरून वेगळं काढावं लागेल.

तारखांचा हिशोब असा: विक्रम संवतातून ५७ वजा, वीर निर्वाण संवतातून ५२७ वजा, शकात ७८ मिळवा. वर्षाअखेरच्या महिन्यांसाठी एखाद्या वर्षाचा फरक पडतो. आपल्याकडच्या लेखांत आणखी एक पेच आहे. शकाचं वर्ष कधी संपलेलं लिहितात, कधी चालू. कागलजवळच्या बामणीच्या लेखात शक १०७३ आहे, ७८ मिळवले तर ११५१ येतात. पण लेखात प्रमोद संवत्सर, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार आणि चंद्रग्रहण दिलं आहे, आणि हे सगळं जुळतं ८ सप्टेंबर ११५० ला. वर्ष चालू धरलेलं होतं. म्हणून लेख उतरवताना आकड्याबरोबर संवत्सराचं नाव, तिथी आणि वार सोडू नका.

१४. या विषयाचा अभ्यास कुणी केला? आम्हाला सुरुवात करायची तर कुठून?

आरंभ इंग्रजी अमदानीत झाला. मथुरेच्या कंकाली टेकाडाचं मोठं उत्खनन १८८८ ते १८९१ या काळातलं, त्यातून जैन स्तूप आणि आयागपट (पूजेचे कोरीव दगडी पट) हाती आले आणि जैन कलेचा काळ एकदम मागे गेला. प्रश्न ७ मधला लेख आणि बामणीचा लेख फ्रान्झ कीलहॉर्न यांनी प्रसिद्ध केले. पुढे वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एका खंडात आणले (१९७७). मूर्तिशास्त्रात उमाकांत शहा यांचं काम अजून ओलांडलं गेलेलं नाही. अकोट्याची ब्राँझ त्यांनीच जगासमोर ठेवली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त भारतीय ज्ञानपीठाने अमलानंद घोष यांच्या संपादनाखाली जैन कला आणि स्थापत्यावर तीन खंड काढले (१९७४-७५). संपूर्ण देशाचा आढावा एकत्र हवा असेल तर ते अजूनही पहिले उघडावेत.

आणि कोल्हापूरकरांनी आ. ने. उपाध्ये यांचं नाव घ्यायलाच हवं. १९०६ साली सदलग्यात जन्म, राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक, १९७५ मध्ये कोल्हापुरातच निधन. ‘प्रवचनसारा’ची त्यांची १९३५ ची आवृत्ती जगभरच्या अभ्यासकांनी वापरली. ते भाषेचे आणि ग्रंथांचे पंडित होते, शिल्पाचे नव्हेत, पण मूर्तीवरचा संघ, गण, गच्छ (मुनींच्या शाखा-उपशाखा) आणि गुरुपरंपरा समजून घ्यायची तर त्यांच्या प्रस्तावनांना पर्याय नाही.

हळेकन्नड (जुनी कन्नड) येत नाही म्हणून थांबू नका. गावच्या बस्तीतल्या धातूच्या मूर्तींवरचे लेख बहुतांशी देवनागरीत असतात. वही करा: प्रत्येक मूर्तीची उंची, धातू की दगड, लांछन, बैठकीवरचा आणि मागचा मजकूर जसा दिसतो तसा, चुकीचं वाटलं तरी न सुधारता. बस्तीच्या पंडितांना (पुजाऱ्यांना) विचारून, त्यांच्या समोर, सोवळ्याचे नियम पाळून हे करता येतं. एका बस्तीची अशी पूर्ण यादी ही संशोधकांसाठी मोठीच भर असते.

१५. बस्तीचा जीर्णोद्धार करायचा आहे. कमिटी म्हणते ग्रॅनाइट आणि ऑइल पेंट. तुमचं मत?

नको, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो. काळ्या पाषाणावर ऑइल पेंट चढवला की दगडातला ओलावा आत कोंडतो, पापुद्रे सुटतात आणि नक्षीची धार जाते. भिंतीला फरशी ठोकली की तिच्यामागचा लेख पुन्हा कुणाला दिसत नाही. वाळूचा मारा करून केलेली सफाई तर अक्षरांचा वरचा थरच उडवते. जुन्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं की दगडाच्या कडा फुटायला लागतात. चुनाच वापरा.

काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, खांबाचे, उंबऱ्याचे फोटो काढा. उंबरा आणि पायरी विसरू नका, लेखाचे दगड तिथेच उलटे बसवलेले मिळतात. देऊळ राज्य किंवा केंद्र पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे का ते तपासा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

धातूच्या मूर्तींबद्दल वेगळं सांगायला हवं. रोजचा पंचामृत अभिषेक आणि नंतर चिंचेनं घासणं यांमुळे शंभर वर्षांत लेख पुसट होतात. नाकडोळे झिजलेल्या कितीतरी मूर्ती आपण पाहतो. अभिषेक थांबवा असं कुणी म्हणत नाही. नित्य अभिषेकासाठी नवी छोटी मूर्ती ठेवून जुनीचा अभिषेक पर्वाला करायचा, हा मार्ग परंपरेतच आहे. घासण्याऐवजी स्वच्छ पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपा.

१६. शेतात नांगरताना मूर्ती सापडली. काय करायचं? भंगलेली असेल तर नदीत सोडायची का?

नदीत सोडू नका. आधी काम थांबवा, मूर्ती ओढून काढू नका, आजूबाजूच्या विटा-खापरांसकट फोटो घ्या. मग तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवून पंचनामा करून घ्या. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं), आणि नोंदणीचे नियम बस्तीतल्या जुन्या मूर्तींनाही आहेत. ती नोंद ही चोरी झाल्यास तुमच्या हातातली एकमेव बळकट कागदपत्रं, म्हणून टाळाटाळ करू नका.

खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत हे बरोबर. पण पूजेतून काढलेली मूर्ती बस्तीच्याच ओवरीत किंवा संग्रहालयात सांभाळता येते. डोकं नसलेल्या मूर्तीची बैठक शाबूत असेल, तर तिच्यावरची एक ओळ अख्ख्या गावाचा इतिहास मागे नेऊ शकते.

१७. लांछन एका तीर्थंकरांचं आणि लेखात नाव दुसऱ्याचं. खरं काय मानायचं?

आधी बघा, मूर्ती आणि बैठक एकाच दगडातून घडवली आहे की सांधा आहे. सांधा असेल तर बैठक दुसऱ्या मूर्तीची असू शकते, जुनी बैठक मोकळी पडली की तिच्यावर नवी मूर्ती बसवली जायची. दगड एकच असेल तर छिन्नीचं काम ताडा. लांछन खोलगट चौकटीत, ओबडधोबड आणि भोवतीच्या नक्षीपेक्षा ताजं दिसत असेल तर ते मागाहून कोरलेलं आहे, बहुधा गावानं मूर्तीला मूलनायक (गाभाऱ्यातली मुख्य मूर्ती) म्हणून नवं नाव दिलं तेव्हा. अशा वेळी घडणीचा पुरावा म्हणून लेख धरायचा, आणि आज गाव कोणत्या नावानं पूजा करतं तेही शेजारी नोंदवायचं.

तिसरी शक्यता राहते: वाचनच चुकलंय. जुन्या नागरीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘च’ आणि ‘व’ सहज अदलाबदल होतात. म्हणून मला फोटो पाठवताना अक्षरांत खडू, पीठ किंवा रंग भरू नका. भरलेल्या अक्षरात कोरणाऱ्याचं वाचन दिसत नाही, भरणाऱ्याचं दिसतं. डावीकडून एक, उजवीकडून एक, असे तिरक्या उजेडातले दोन फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. एवढ्यावर बहुतेक ओळी लागतात.